शिरोली: बोअरचं पाणी सुरू केल्यापासून कूलंट पाच आठवड्यांत सडतंय, बीडाच्या जॉबला गंज. सॉफ्टनर घ्यावा की आरओ?

शेडमालक_शिरोली | १२ एप्रिल, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय. अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील, म्हणून सगळंच मांडतो.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझं जॉबवर्कचं शेड आहे. तीन सीएनसी लेथ आणि एक व्हीएमसी (उभं मशीनिंग सेंटर). बहुतेक काम बीडाचं, म्हणजे कास्ट आयर्नचं, एफजी २६० ग्रेडच्या बेअरिंग हाउसिंग, आणि अधूनमधून ईएन ८ पोलादाचे शाफ्ट. वडिलांनी उद्यमनगरात एका जुन्या लेथवर सुरुवात केली होती. त्यांच्या काळात बीड कोरडंच कापायचे, त्यामुळे हा प्रश्न त्यांना कधी आलाच नाही. मला आलाय, आणि गेले दोन महिने झोप नीट नाही.

झालं असं. एमआयडीसीच्या नळाला दुपारी दाब नसतो. शेडमागं झाडं आहेत, वर बाथरूम आहे, कामगारांचं हातपाय धुणं आहे. रोजची कटकट नको म्हणून सव्वा वर्षापूर्वी बोअर मारली. पाणी चांगलं लागलं. मग सगळ्या शेडला एकच लाईन केली आणि कूलंटलाही, म्हणजे कापताना जॉबवर सोडतो त्या तेल-पाण्याच्या मिश्रणालाही, तेच पाणी सुरू झालं. आधी एकदा भरलेलं कूलंट चार-साडेचार महिने आरामात चालायचं. आता पाचव्या आठवड्यात टाकून द्यावं लागतंय. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी शटर वर केलं की कुजलेल्या अंड्यासारखा वास अंगावर येतो. दाराच्या काचेवर पांढरा थर बसतो, तो खरवडल्याशिवाय निघत नाही. नोझल बुजतात. टाकीत पाण्यावर मळकट साय तरंगते.

सगळ्यात मोठा फटका गंजाचा. मार्चमध्ये ६०० हाउसिंगच्या लॉटमधले २१२ नग परत आले. हाउसिंगच्या भोकाच्या आत तपकिरी गोल डाग. माप सगळं बरोबर, फिनिश बरोबर, आणि माल गंजला म्हणून डेबिट नोट. ज्या पोरानं ते जॉब मापून मापून काढले त्याला मी हे कोणत्या तोंडानं सांगायचं? त्याची तर काहीच चूक नव्हती.

माझ्या परीनं केलेले उपाय असे. कूलंटचा ब्रँड दोनदा बदलला. आधी रिफ्रॅक्टोमीटरवर (दाटपणा मोजायच्या काचेवर) ५ ठेवत होतो, गंजासाठी ते ९ वर नेलं. दुकानदारानं दिलेलं जंतू मारायचं औषध टाकलं, वास आठवडाभर गेला आणि परत आला. शिवाय ९ वर नेल्यापासून दोन ऑपरेटरच्या बोटांच्या बेचक्यात भेगा पडल्यात. एकाला परवा जेवताना भाकरीही नीट मोडता येत नव्हती. ते बघून मला फार वाईट वाटलं.

टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं, पेन आणून मोजलं, बोअरच्या पाण्याचं ९१० आलं. सॉफ्टनरवाला २८ हजार सांगतोय, आरओवाला ४५ हजार. दोघंही म्हणतात आमचंच घ्या. कूलंट विकणारा म्हणतो पाण्याला काही झालेलं नाही, आमचं महागातलं कूलंट घ्या. पैसे घालायला माझी ना नाही, पण आता चुकीच्या जागी घालायचे नाहीत. ज्यांनी हे हातानं निस्तरलंय त्यांनी कृपया सांगा.

---

जुना_फिटर | १२ एप्रिल, रात्री ११.२५

भावा, गोकुळ शिरगावात एका मोठ्या कारखान्यात २९ वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. रिटायर झालो तरी हा विषय निघाला की गप्प बसवत नाही.

आरओ, सॉफ्टनर दोन्ही बाजूला ठेव. पयल्यांदा एका मशीनची टाकी पूर्ण बाहेर ओढ. नुसतं वरचं पाणी बदलू नको. चिप कन्व्हेअर (बुरादा बाहेर वाहणारा पट्टा) काढ, त्याच्या खालचा कोपरा बघ. बीडाचा बुरादा लई बारीक असतो, त्यात ग्राफाइट असतं, ते तळाला चिखलासारखं बसतं. माझा अंदाज हाय, तुला तिथं चार बोटं गाळ मिळंल. वास त्या गाळातनं येतोय. तू वरनं नवं कूलंट ओततोस, खालचा गाळ त्याला आठ दिवसांत आपल्यासारखं करून घेतो. दह्याच्या भांड्याला विरजण राहिलं की दूध कितीबी ताजं ओता, दही हुतंच. ब्रँड दोनदा बदललास म्हणतोस, पण टाकी किती येळा घासलीस ते लिहिलं न्हाईस.

दुसरं, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीच वास का? मशीन चालू असतं तवा पाणी फिरतं, त्यात हवा मिसळती. बंद पडलं की स्लाइडवेचं, म्हंजे मशीनच्या सरकत्या पट्ट्यांचं, तेल वर तरंगून झाकण घालतं. खाली हवा संपली की अंड्याच्या वासाचे जंतू जागे हुतात. त्यांना हवा नको असती, पाण्यातलं सल्फेट आणि तेल मिळालं की भागलं. म्हणून ते वरचं तेल रोज काढायचं. बेल्टचा ऑइल स्किमर बसव, लई महाग नसतोय. तोवर सकाळी मशीन सुरू करायच्या आधी तेल शोषणारं कापड फिरव. आणि सुट्टीच्या दिवशी टायमर लावून पंप दर दोन तासांनी दहा मिनिटं फिरू दे. आम्ही लहान टाक्यांत माशांच्या पेटीचा हवेचा पंप सोडायचो, त्यानं बी फरक पडतोय.

२०२१ च्या जुलैत महापुराचं पाणी हायवेवर आलं हुतं, आठवतंय न्हवं? आम्हाला चार दिवस आत जाता आलं न्हाई. पाचव्या दिवशी शॉपचं दार उघडलं आणि मी सगळ्यांना बाहेरच थांबवलं. सगळी शटरं वर, पंखे चालू, अर्धा तास कुणाला आत सोडलं न्हाई. त्यो नुसता वास नसतोय, त्यो विषारी वायू असतोय. टाकीत डोकं घालून साफ करायला पोरगं पाठवशील तवा ही गोष्ट ध्यानात ठेव. एकट्याला पाठवू नको.

आणि एक विचारतो. तुझ्या कूलंटच्या कॅनवर रिफ्रॅक्टोमीटरचा गुणक लिवलेला असंल. बघितलास का? काचेत दिसतो त्यो ब्रिक्सचा आकडा, कूलंटचे टक्के न्हवं. गुणक १.४ असला तर ५ दिसलं म्हणजे ७ टक्के झालं. ९ दिसलं म्हणजे किती, तूच गुणून बघ. पोरांच्या हाताचं उत्तर मला वाटतं तिथंच मिळंल.

---

तपासणी_टेबल | १३ एप्रिल, सकाळी ९.०५

मी पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. काकांचं गाळाबद्दलचं आणि तेलाबद्दलचं म्हणणं पूर्ण पटलं. मी फक्त पाण्याबद्दल लिहिते, कारण ५ टक्के कूलंट म्हणजे ९५ टक्के पाणी, आणि त्या ९५ टक्क्यांची तपासणी करायला माझ्याकडं फार थोडे कारखानदार येतात.

टीडीएसचं पेन सगळ्या क्षारांची मिळून बेरीज दाखवतं. ९१० म्हणजे क्षार भरपूर आहेत, इतकंच कळतं. कोणते, ते कळत नाही. तुम्हाला तीन आकडे वेगवेगळे हवेत: कठीणपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार), क्लोराइड आणि सल्फेट. आपल्याकडं खाली काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांतून झिरपत आलेलं बोअरचं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच येतं. हे दोन्ही कूलंटमधल्या साबणासारख्या घटकांना चिकटतात आणि न विरघळणारा साका होतो. तुमची मळकट साय बरीचशी तीच आहे. कठीण पाण्यात अंगाच्या साबणाला फेस येत नाही, त्याचाच हा प्रकार. काचेवरचा पांढरा थर हे सुकून राहिलेले क्षार. क्लोराइडचं काम वेगळं. ते लोखंडावर गंजाची सुरुवात करून देतं. सल्फेट काकांनी सांगितलेल्या जंतूंच्या कामी येतं.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडं येते. सॉफ्टनर कॅल्शियम काढतो आणि त्याच्या जागी सोडियम सोडतो. कठीणपणा जातो, साका थांबतो. पण क्लोराइड आहे तेवढंच राहतं, सल्फेटही राहतं, टीडीएसही जवळपास तेवढाच. सॉफ्टनर नीट धुतला गेला नाही तर मिठाचं पाणी टाकीत उतरतं आणि क्लोराइड उलट वाढतं. तुमचं दुखणं गंजाचं आहे, म्हणून फक्त सॉफ्टनरवर २८ हजार घालायला मी सांगणार नाही. आरओ जवळजवळ सगळंच काढतो, पण मग पाणी इतकं मऊ होतं की फेस येतो.

सगळ्यांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट मात्र वेगळीच असते. तुम्ही बोअरचं पाणी मोजलंत, टाकीतलं मोजलं नाहीत. वाफ होऊन जातं ते शुद्ध पाणी, क्षार मागं राहतात. समजा टाकी २०० लिटरची आहे आणि पाण्याचा कठीणपणा ५०० पीपीएम, म्हणजे लिटरला ५०० मिलिग्रॅम, आहे. पहिल्या दिवशी टाकीत १०० ग्रॅम क्षार. रोज १० लिटर भर घातली तर रोज ५ ग्रॅम नवे. कामाच्या २५ दिवसांत १२५ ग्रॅम. त्यातले तीसेक ग्रॅम ओल्या चिपबरोबर आणि जॉबबरोबर बाहेर जातील असं धरा. महिनाअखेर टाकीत दोनशेच्या आसपास ग्रॅम, म्हणजे कठीणपणा हजाराकडं. काही भाग साका होऊन खाली बसेल, तेवढा आकडा कमी दिसेल. क्लोराइड मात्र साका होऊन बसत नाही, ते साठतच जातं. तुमच्या मशीनमध्ये तेच बोअरचं पाणी महिन्याभरात दुप्पट खारट झालेलं असतं.

म्हणून पहिली भरती १०० ते १५० पीपीएम कठीणपणाच्या पाण्यानं करा आणि रोजची भर त्याहून मऊ पाण्यानं घाला. उलटं कधी करू नका.

बोअर, एमआयडीसीचा नळ आणि चालू टाकी असे तीन नमुने काढा. स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून घ्या. टाकीचा नमुना आहे हे प्रयोगशाळेत आवर्जून सांगा, कारण दुधाळ द्रव आधी फोडावा (त्यातलं तेल-पाणी वेगळं करावं) लागतो, नाहीतर तपासणीत रंगाचा बदल दिसत नाही. रोजच्या पाण्यासाठी थेंब मोजायचं कठीणपणाचं किट मिळतं. लालसर जांभळ्याचं निळं होईपर्यंत थेंब मोजायचे. तुमचा हेल्परसुद्धा शिकेल.

---

कागल_पंचतारांकित | १३ एप्रिल, दुपारी २.१५

भाऊ, आरओचं माझं ऐका. दोन वर्षांपूर्वी लावला. पहिल्याच आठवड्यात व्हीएमसीच्या टाकीतून फेस उतू जाऊन फरशीवर आला. पंपात हवा शिरली आणि दाबाखालचं कूलंट थुंकत थुंकत यायला लागलं. ताईंनी लिहिलंय तेच, पाणी फार मऊ झालं होतं. मग पहिल्या भरतीला तीन भाग आरओ आणि एक भाग बोअर केलं, फेस बसला. रोजच्या भरीला मात्र निव्वळ आरओ.

आरओ घ्यायच्या आधी त्याचं वाया जाणारं पाणी कुठं सोडणार ते ठरवा. आमच्या यंत्राला जेवढं गोड पाणी निघतं, जवळजवळ तेवढंच खारं बाहेर पडतं. मी ते संडासाच्या टाकीला जोडलंय. झाडांना घातलं होतं, पानं करपली.

यंदा मी पावसाचं पाणी धरणार आहे. माझं शेड २,००० चौरस फुटांचं आहे, म्हणजे १८६ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. नुसत्या ३० मिलिमीटरच्या एका चांगल्या सरीत साडेपाच हजार लिटर पाणी पन्हळीतून वाहून जातं. ५,००० लिटरची टाकी ठेवली आणि रोज ४० लिटर वापरलं तरी सव्वाशे दिवस पुरतं. फक्त जूनमधल्या पहिल्या दोन-तीन सरी सोडून द्यायच्या. आपल्या छपरांवर फाउंड्र्यांची धूळ असते, ती धुऊन जाऊ द्यायची. टाकी झाकलेली आणि काळी हवी, नाहीतर शेवाळ धरतं.

---

दुसऱ्या_शिफ्टचा | १३ एप्रिल, रात्री १२.५०

मालक, मी तुमच्याकडं नाही, दुसरीकडं मशीनवर असतो. तुम्ही पोरांच्या हाताबद्दल लिहिलं म्हणून लिहितो. माझे हात असेच झाले होते. डॉक्टरनी मलम दिलं, पण खरा फरक तीन गोष्टींनी पडला. आम्ही तेलकट हात थिनरनं पुसायचो, ते बंद केलं. एकच चिंधी दिवसभर खिशात असायची, तिच्यात बारीक बुरादा अडकलेला असायचा, तोच कातडीवर घासला जायचा. आता शिफ्टला दोन स्वच्छ कापडं मिळतात. आणि काम सुरू करायच्या आधी हाताला लावायचं क्रीम सुपरवायझरनं बेसिनजवळ ठेवलंय, मागायला लागत नाही. मागायला लागलं की पोरं मागत नाहीत.

आणखी एक, कुणी टाकीत चहाचा कप विसळत असेल, पिचकारी मारत असेल तर थांबवा. त्याचं पण तिथं सडतंच.

---

शेडमालक_शिरोली | १४ एप्रिल, सकाळी ७.३०

काका, कॅन शोधून बघितला. गुणक १.४ आहे. म्हणजे मी ५ समजून ७ टक्के चालवत होतो आणि ९ वर नेलं तेव्हा १२.६ टक्के. त्या पोरांचे हात दोन महिने आधीपेक्षा जवळजवळ दुप्पट दाट द्रवात होते. हे वाचून रात्री शेडवर गेलो आणि दोघांनाही सांगितलं की चूक माझी होती. औषधपाण्याचा खर्च शेड देतंय. क्रीम, कापडं आजच आणतो.

ताई, तिन्ही नमुने उद्या देतो. आज सुट्टी आहे, व्हीएमसीची टाकी ओढायला घेतो. दोघं मिळूनच.

---

शेडमालक_शिरोली | ९ मे, रात्री ९.१५

उशीर झाला, पण आता आकड्यांसकट सांगण्यासारखं हातात आहे.

आधी टाकी. काका, चार बोटं म्हणालात, कन्व्हेअरखाली वीत भर गाळ होता. काळा, चिकट, ग्राफाइटचा. चार मशिनांतून मिळून सात घमेली निघाला. सफाईचं रसायन घालून एक रात्र पंप फिरवला, सकाळी सगळं ओढलं, ब्रशनं घासलं, साध्या पाण्यानं दोनदा धुतलं. व्हीएमसीच्या पाइपातून जे निघालं त्याचं वर्णन करत नाही. एका मशीनला पूर्ण दिवस लागला. चार मशीन, चार सुट्ट्या.

आता पाणी. बोअरचा कठीणपणा ५२०, क्लोराइड १९०. पाच आठवडे चाललेल्या टाकीचा कठीणपणा ८४०, क्लोराइड ३४०. ताईंचा हिशोब कागदावर वाचला होता, पण स्वतःच्या टाकीचा आकडा हातात आला तेव्हा तो कागद घेऊन मी दहा मिनिटं तसाच बसलो. मार्चच्या लॉटला मी क्लोराइडच्या पाण्यानं आंघोळ घालत होतो आणि गंज कुठून येतो म्हणून विचारत होतो. पीएच ८.१ पर्यंत उतरला होता. नव्या भरतीला तो ९.१ होता.

आणि तिसरा नमुना, एमआयडीसीच्या नळाचा. कठीणपणा ८५, क्लोराइड २२.

हा आकडा बघून सगळा विचारच बदलला. नळाला दाब नाही म्हणून मी बोअर मारली, ते शेडभरच्या पाण्यासाठी. पण चारही मशिनांच्या कूलंटला रोज लागतं किती? मोजलं. ३८ ते ४२ लिटर. दोन बादल्यांच्या वर थोडं! तेवढं पाणी पहाटे पाच वाजता त्याच कमी दाबाच्या नळाला सहज येतं. हे मला सव्वा वर्षात सुचलं नव्हतं, कारण कूलंटचं पाणी मी कधी वेगळं मोजलंच नव्हतं. लाईन एक केली आणि विषय संपला असं धरून चाललो.

म्हणून सॉफ्टनर नाही, आरओही नाही. ५०० लिटरची काळी टाकी आणली, नळाला फ्लोट लावून जोडली, बोअरच्या लाईनशी तिचा काही संबंध ठेवला नाही. तिच्यावर पिवळ्या रंगानं लिहिलंय ‘फक्त कूलंट’. शेजारी १०० लिटरचं पिंप. त्यात आधी पाणी, मग ढवळत ढवळत कूलंट. आमचा हेल्पर आधी कूलंट ओतून वर पाणी घालायचा, त्यानं दह्यासारख्या गुठळ्या व्हायच्या. भर घालताना नुसतं पाणी टाकणंही बंद केलं. दीड टक्क्याचं पातळ मिश्रण घालतो, म्हणजे टाकीचा दाटपणा ६ टक्क्यांच्या आसपास राहतो. गुणकासकट, काका.

स्किमर दोन मशिनांना बसवलेत, दोन पुढच्या महिन्यात. एका लेथमधून रोज पाऊण लिटर स्लाइडवेचं तेल गोळा व्हायला लागलं तेव्हा कळलं की ल्युब्रिकेशनची एक नळी फुटलेली आहे. तेल वरचेवर का संपतं याचंही उत्तर मिळालं.

गोल डागांबद्दल एक गोष्ट शेडवरच सापडली. हाउसिंग मशीनमधून काढून ओल्याच एकावर एक रचत होतो, मध्ये पुठ्ठा. पुठ्ठा कूलंट शोषून घेतो आणि ओला राहतो, रात्रभर. डाग बरोबर पुठ्ठ्याच्या कडेला होते. आता जॉब काढला की हवेनं त्याचं भोक फुंकायचं, तासाच्या आत गंजरोधक तेलात बुडवायचं आणि प्लास्टिकच्या जाळीच्या ट्रेमध्ये ठेवायचं.

पहिली सफाई झालेल्या व्हीएमसीला आज २५ दिवस झाले. वास नाही. काच ओल्या कापडानं पुसली जाते. एप्रिलअखेरचा ४०० चा लॉट गेला, एकही नग परत आलेला नाही. घाईनं जिंकलो असं म्हणत नाही, कारण पाचवा आठवडा अजून यायचाय. पण ज्याच्या हाताला भेगा होत्या तो काल हाताची बोटं माझ्यासमोर उघडून दाखवून गेला.

आता एक प्रश्न उरलाय. चार टाक्यांचं मिळून ८०० लिटर जुनं कूलंट बॅरलमध्ये भरून ठेवलंय. गाळ वेगळ्या पिंपात. काय करू?

---

जुना_फिटर | ९ मे, रात्री १०.००

ओढून बॅरलमध्ये ठेवलंस हे लई चांगलं केलंस भावा. नाल्यात सोडू नको, कुणी कितीबी सांगू दे. आपल्याकडचं नाल्याचं पाणी शेवटी पंचगंगेतच जातंय आणि तीच खाली शिरोळकडच्या गावांच्या पाण्यात आणि उसात जाती. माझी बहीण तिकडं दिली हाय.

बॅरलवर तारीख टाक. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमानं, मंडळानं मुदत वाढवून दिल्याबिगर, असला माल ९० दिवसांच्या वर साठवता येत न्हाई. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या माणसालाच द्यायचं, आणि देताना मॅनिफेस्टची (माल कुणी कुणाला दिला त्या कागदाची) प्रत घ्यायची, फॉर्म १०. तुझ्यासारख्या लहान शेडला एकट्याला गाडी परवडत न्हाई. शेजारच्या चार शेडवाल्यांना इचार, त्यांच्याकडं बी बॅरल पडलेले असतील.

---

तपासणी_टेबल | १० मे, सकाळी ९.२०

आकडे वाचून फार बरं वाटलं. एक विनंती. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की नळाचं पाणी गढूळ होतं आणि त्याचे आकडेही बदलतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नळाचा नमुना परत काढा आणि ‘फक्त कूलंट’च्या टाकीला साधा गाळणीचा फिल्टर लावा. ८५ वरून कठीणपणा आणखी उतरला तर व्हीएमसीत फेस दिसेल. तसं झालं तर १०० लिटरच्या पिंपात बोअरचं पाच-सात लिटर पाणी मिसळा, तेवढ्यानं तीसेक पीपीएम वाढेल. तेवढ्यापुरती तुमची बोअर कामाला येईल. आणि चालू टाकीचं क्लोराइड दर महिन्याला एकदा तपासा. ते १५० च्या वर गेलेलं दिसलं की वास येण्याची वाट न बघता अर्धी टाकी बदला.

---

शेडमालक_शिरोली | १० मे, सकाळी ९.४५

लिहून भिंतीवर लावतोय ताई. काका, शेजारच्या तीन शेडवाल्यांशी आत्ताच बोललो. एकाकडं ११ बॅरल आहेत, मागच्या दिवाळीपासूनची. दुपारी तिघं मिळून गाडीचं विचारायला जातोय.